शंभर सीसीचा उंदीर

व्हिंटेज मोटोक्रॉससाठी गाडी शोधतोय म्हटलं की इथे ऑरेगनमध्ये जो तो सांगायचा, होंडा एल्सिनोर १२५ घे. खोटं नाही. १९७४ मध्ये मार्टी स्मिथने होंडावरच अमेरिकेचं १२५ सीसीचं विजेतेपद मिळवलं. पण मी नवखा, आणि ती माझ्या हातांपेक्षा वेगवान.

मी घेतली होडाका सुपर रॅट. बांधणी जपानची, डोकं इथल्याच अथीना गावातलं. (भावंडांची नावं तर बघा: कॉम्बॅट वॉम्बॅट, रोड टोड!) टू-स्ट्रोक इंजिन इतकं साधं, की गॅरेजमध्ये एकट्याने उघडता येतं. ताकद कमी, वळणावर वेग घालवला तर तो परत मिळवताना जीव जातो. म्हणून तो जपायला शिकतोय. १२५वाले पुढे निघून जातात, तेव्हा झोंबतं.

आईला फोटो पाठवला. "उंदरावर बसायला तू गणपती आहेस का?"