त्या दिवशीचा निर्णय

बेसबॉल हा अमेरिकेतील लोकांचा आवडता खेळ. तेथील संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. शिकागोच्या ‘कब्स’ संघाचे चाहते जमले, की कोणती अदलाबदल सर्वांत वाईट, हा वाद रंगतो. आणि त्यात लू ब्रॉकचे नाव निघाल्यावाचून राहत नाही.

जून १९६४ मध्ये कब्सने तरुण ब्रॉकला सेंट लुईसच्या ‘कार्डिनल्स’ संघाकडे धाडले व मुख्यतः एर्नी ब्रोलिओ हा नाणावलेला गोलंदाज घेतला. आदल्या वर्षी ब्रोलिओने १८ सामने जिंकून दिले होते. ब्रॉकचे कर्तृत्व अजून दिसावयाचे होते. परंतु ब्रोलिओचा हात दुखावला. कब्सला त्याच्याकडून अवघे ७ विजय लाभले. उलट, ब्रॉकच्या साथीने कार्डिनल्स त्याच वर्षी अजिंक्य ठरले! गोलंदाजाला चकवून पुढचा टप्पा गाठणे, यास या खेळात ‘चोरी’ म्हणतात. अशा ९३८ चोऱ्या ब्रॉकने केल्या.

चाहते कब्सच्या चालकांना दोष देतात. पण मुलांनो, निर्णयाच्या दिवशी त्यांच्यापुढे ते १८ विजय होते. ९३८ चोऱ्या नव्हत्या. निकाल कळल्यावर न्याय करणे सोपे असते.

चाहत्यांचा वाद मिटला नाही. ब्रॉक आणि ब्रोलिओ मात्र पुढे एकमेकांचे स्नेही झाले.