नावापुढची अक्षरे

आमच्या दारावर एके काळी पितळी पाटी होती. आमचे नाव तीवर एका ओळीत मावले होते. पदव्यांना मात्र दुसरी ओळ लागली. एम.ए., बी.एड. एवढ्याने ती ओळ भरेना, तेव्हा 'हिंदी पंडित' हेही आम्ही शेवटी कोरून घेतले. आमचा पोस्टमन आम्हांला त्या पाटीवरून नव्हे, तर अंगणातल्या चिंचेवरून ओळखीत असे, ही गोष्ट वेगळी.

ही हौस आमची एकट्याची नव्हती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले चार बी.ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतले दोघे. त्या दोन अक्षरांचे तेज पुढे कित्येक पिढ्या टिकले. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या आणि पुढच्याच वर्षी, दवाखाना सुरू करण्यापूर्वीच, पुण्यात निवर्तल्या. त्यांच्या नावापुढच्या अक्षरांना गर्व म्हणण्याची कोणाची छाती होईल? आपल्या वाडीतही पहिला पदवीधर झाला तेव्हा त्याची बी.ए. ही पदवी लग्नपत्रिकेवर छापली गेली, आणि ती वाचून साऱ्या पॅरिशचाच ऊर भरून आला.

कायद्यानेही या अक्षरांचा विचार केला आहे. राज्यसंस्थेने कोणालाही किताब देऊ नये, असे आपल्या राज्यघटनेचे अठरावे कलम सांगते. मात्र सैनिकी आणि विद्याविषयक सन्मानांना तिने त्यातून वगळले आहे. पद्म पुरस्कार नावाच्या मागे वा पुढे लावू नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. डॉक्टरांसाठी २००२ साली झालेल्या नियमांनुसार नावापुढे मान्यताप्राप्त पदव्याच लावायच्या असतात आणि औषधाच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. आपण पूर्वी न्यायाधीश होतो हे वकिलाला पाटीवर लिहिता येत नाही. या नियमांचा रोख एकच दिसतो. ही अक्षरे ज्याची, त्याच्या शोभेसाठी ती नाहीत. ज्याला त्याच्या हाती आपला जीव, पैसा किंवा मूल सोपवायचे आहे, त्याच्या माहितीसाठी आहेत. आपल्या येशूसंघीय फादरांच्या नावापुढे 'एस.जे.' येते, तीही पदवी नव्हे. आपण कोणत्या संघाला बांधलेले आहोत, एवढेच ती अक्षरे सांगतात.

हे शहाणपण आम्हांला पुस्तकांतून आले असते तर बरे झाले असते. ते आले एका अपराधातून.

१९८६ साली आमच्या शाळेला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. स्मरणिकेच्या संपादनाचे काम आमच्याकडे आले. शिक्षकवृंदाची यादी करायची म्हणून प्रत्येकाने आपले नाव व पात्रता कागदावर लिहून दिली. प्राथमिक विभागातले एक ज्येष्ठ गुरुजी पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या वळणदार अक्षरात नावापुढे लिहिलेले होते : 'व्ह.फा., सीनियर पी.टी.सी.' म्हणजे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल आणि प्राथमिक शिक्षकाचे प्रमाणपत्र. बाकीच्या यादीत बी.ए., बी.एस्‌सी., बी.एड. यांची गर्दी. हे वाचून नव्या पिढीतले कोणी हसेल, असे आम्हांला वाटले. त्यापेक्षा नुसते नाव बरे, असा विचार करून आम्ही गुरुजींच्या अक्षरांवर लाल रेघ ओढली. यात आम्ही त्यांच्यावर उपकारच करीत आहोत, अशी आमची समजूत होती. स्वतःच्या पदव्या मात्र आम्ही पूर्णविरामांसकट तपासून घेतल्या.

प्रकाशनाच्या दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्तमानपत्रात गुंडाळलेली स्मरणिका घेऊन आमच्याकडे आले.

"सर, माझी अक्षरे राहिली."

"छापखान्याची चूक, गुरुजी," आम्ही म्हणालो. इतक्या सहज खोटे बोलता येते, हे आम्हांला तोवर ठाऊक नव्हते.

गुरुजी क्षणभर थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "चूक असेल तर हरकत नाही. पण सर, मी ट्रेनिंगला गेलो तेव्हा वडील नुकतेच वारले होते. त्या काळात मी घरी जेमतेम काही पाठवू शकत होतो. आई मिठागरात जायची. पाठची बहीण चौथीत होती, तिची शाळा सोडवून तिलाही न्यावे लागले. काल तिने स्मरणिका हातात घेतली. माझ्या नावावर बोट ठेवून वाचले आणि मला विचारले, 'दादा, पुढचे कुठे आहे?' तिला काय सांगू, एवढेच विचारायला आलो."

आम्ही काही बोलू शकलो नाही. आमची अक्षरे आम्ही मिरवायला लावली होती. गुरुजींची अक्षरे ही एका मुलीच्या सुटलेल्या शाळेची पावती होती, आणि ती आम्ही फाडली होती.

खरे सांगायला आम्हांला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत गुरुजींना बाजूला घेऊन आम्ही सारे कबूल केले. ते म्हणाले, "मला ठाऊक होते, सर. छापखान्यात खिळे जुळवणारा मुलगा माझाच विद्यार्थी. लाल रेघेचे त्याने मला आधीच सांगितले होते." म्हणजे आमचे खोटे त्यांनी त्या दिवशी समोर बसून मुकाट्याने ऐकून घेतले होते.

उरलेल्या प्रतींत आम्ही शुद्धिपत्र चिकटवले आणि वाटलेल्या प्रतींसाठी त्याच्या चिठ्ठ्या घरोघर पोचवल्या. पुढल्या वर्षी निरोप समारंभाच्या मानपत्रात गुरुजींचे नाव त्या अक्षरांसह लिहिले. बहीण पहिल्या रांगेत बसली होती. मानपत्र वाचताना आम्ही 'व्हर्नाक्युलर फायनल, सीनियर पी.टी.सी.' असे पूर्ण उच्चारले, तेव्हा तिने डोळ्यांना पदर लावला.

आता दारावरच्या पाट्या कमी झाल्या आणि ती अक्षरे ई-मेलच्या तळाशी जाऊन बसली. आमचा नातू एका कंपनीत आहे. चार चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे तो तिथे ओळीने मांडतो. परवा त्याने विचारले, "आजोबा, यांतली कोणती ठेवू?" आम्ही म्हणालो, "वाचणाऱ्याला तुझ्यावर काय सोपवायचे आहे ते बघ. त्याला उपयोगी पडेल ते ठेव, बाकीचे काढ. मात्र तुझ्या हाताखालच्या कोणी एखादे लहानसे प्रमाणपत्र नावापुढे लिहिले, तर त्याला हसू नकोस आणि त्यावर रेघ ओढू नकोस."

वाचकहो, नम्रतेच्या नावाखाली स्वतःची अक्षरे खोडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे; दुसऱ्याची खोडण्याचा कोणालाच नाही. घराला रंग देताना आमची पितळी पाटी उतरवली, ती आम्ही पुन्हा लावली नाही. पोस्टमनचे काही अडले नाही. चिंच अजून उभी आहे.