शेजारच्या ओटीवरील दिवा

दिव्याखाली अंधार ही म्हण आमच्या जोयडा तालुक्यास जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कोणत्या मुलुखास पडत असेल, असे आम्हांस वाटत नाही. काळी नदी याच तालुक्यातील डिग्गी गावाजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्रास मिळते. या एका नदीच्या पाण्यावर सुपा, नागझरी, कोडसळ्ळी व कद्रा येथे वीज तयार होते. तिच्याच काठी कैगा येथे प्रत्येकी २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या उभ्या आहेत. सुप्याच्या धरणाची भिंत १०१ मीटर उंच असून ते १९८७ साली पुरे झाले. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेले जुने सुपा गाव त्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले आणि आमच्यासारखी अनेक कुटुंबे रामनगरकडे येऊन वसली.

आमच्या मातोश्री त्या उठलेल्या कुटुंबांपैकीच एक. "आपले घर विजेसाठी बुडाले," असे त्या कधी रागाने म्हणत नसत. परंतु पावसाळ्यात दिवा गेला की चिमणी शोधता शोधता हे वाक्य त्यांच्या तोंडून हमखास निघे. डोक्यावरून मोठमोठ्या तारा दूरच्या शहरांकडे जातात आणि आमच्या वाडीकडे येणारी एकुलती एक तार मात्र रानातून, झाडांच्या फांद्यांखालून येते. जून ते सप्टेंबर या दिवसांत एक फांदी मोडली की दोन-दोन दिवस अंधार ठरलेलाच. यात कोणाचा दोष काढावा असे नाही. रान आणि पाऊस हे आमचे जुने सोबती आहेत. आम्ही त्यास सरावलो होतो.

परंतु २०१८ साली मातोश्रींच्या फुप्फुसांनी असहकार पुकारला. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ठेवावयास सांगितले. हे यंत्र खोलीतील हवेतूनच प्राणवायू वेगळा काढून नळीने रोग्यास देते. सुमारे साडेतीनशे वॅट वीज खाते आणि वीज गेली की तत्क्षणी मुके होते. एक भरलेले सिलिंडरही जवळ असावे, असा डॉक्टरांचा सल्ला होता व तो आम्ही पाळला. पण सिलिंडर काही तासांचा आणि आमच्याकडील अंधार काही दिवसांचा. म्हणून बेळगावहून दोन केव्हीएचा पेट्रोलवर चालणारा जनरेटर आणला.

आता तो घरास जोडावयाचा कसा? येथेच आमच्या हातून जे घडले ते आज सांगावयाचे आहे. कारण तसेच आज अनेक घरी घडत असेल, अशी आम्हांस भीती वाटते.

गावातील एका हौशी जाणकाराने आम्हांस एक वायर करून दिली. तिच्या दोन्ही टोकांस पिनांचे प्लग होते. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरे ओटीवरील मोठ्या सॉकेटमध्ये. सॉकेटमधून वीज उलटी आत शिरावयाची आणि साऱ्या घरात पसरावयाची. "फक्त आधी मेन स्विच बंद करायला विसरू नका, मास्तर," एवढेच त्याचे सांगणे. युक्ती सोपी वाटली, पैसाही वाचला. वर्षभर आम्ही ती वापरली व विसरलो नाही. विसरत नाही याचा थोडा अभिमानही वाटू लागला होता.

२०१९ च्या ऑगस्टात पश्चिम घाटावर कोसळलेला पाऊस पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्या दिवसांतील एका रात्री दोन वाजता वारा सुटला, रानात कडाडकन आवाज झाला आणि दिवे गेले. मातोश्रींचे यंत्र बंद पडले. त्या उठून बसल्या. त्यांचा श्वास लागलेला. आम्ही अंधारात धडपडत ओटीवर गेलो, वायर खोचली, दोरी ओढली. यंत्र सुरू झाले, त्यांच्या चेहऱ्यावर थोडी धुगधुगी आली आणि आम्ही भिंतीस टेकून बसलो. मेन स्विच मात्र चालूच राहिला होता.

थोड्या वेळाने धाकटा नातू दारातून डोकावून म्हणाला, "आजोबा, पलीकडच्या ओटीवर दिवा लागलाय." पलीकडचे घर बंद होते; ती मंडळी मुंबईस असतात. आम्ही म्हणालो, "असेल कोणी आलेले, झोप जा." मुलाने जे पाहिले त्याचा अर्थ आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसास कळला नाही.

सकाळी आठच्या सुमारास जनरेटर एकाएकी घुसमटल्यासारखा कण्हला आणि वीज तुटली. पेट्रोल संपले असेल, असे पुटपुटत आम्ही मातोश्रींस सिलिंडर लावला व बाहेर आलो, तो अंगणात लाईनमन उभा. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, हातात लोंबती साखळी. तो ओरडला नाही. त्याने एवढेच विचारले, "मास्तर, तुमच्या घरी जनरेटर चालू होता काय?"

झाले होते ते असे. झाड पडून दोन खांबांमधील तारा तुटल्या होत्या. तुटलेल्या तारांचा आमच्या बाजूचा तुकडा आमच्या खांबावरच होता व त्यावर दोनच घरे होती: आमचे आणि ते बंद घर. लाईनमनने ट्रान्सफॉर्मरवरील फ्यूज काढले, म्हणजे त्याच्या हिशेबाने तारा मेल्या. परंतु आमच्या जनरेटरची २३० व्होल्टची वीज आमच्या उघड्या मेन स्विचमधून, मीटरमधून उलटी बाहेर पडून त्याच तारांत रात्रभर खेळत होती. तिनेच शेजारचा दिवा पेटविला होता. खांबावर चढण्यापूर्वी सर्व तारांस साखळी टाकून त्या एकमेकींस व जमिनीस जोडावयाच्या, हा त्याच्या धंद्यातील नियम. पावसात, घाईत, फ्यूज काढल्यावर तो नियम अनेकजण मोडतात. त्याने मोडला नाही. साखळी पडताच ठिणगी उडाली आणि आमचा जनरेटर कण्हून थांबला. ती साखळी नसती तर थांबणारी वस्तू दुसरीच असती.

त्याच्या घरी दोन लहान मुली आहेत, हे आम्हांस नंतर कळले. एका श्वासासाठी आम्ही दुसरा श्वास पणास लावला होता आणि रात्रभर आपण मोठे कर्तव्य केले या समाधानात बसलो होतो.

पुष्कळांची अशी समजूत असते की, लहान जनरेटर बाहेर गावास वीज पुरवूच शकत नाही. भार पडताच तो बंद पडतो, म्हणून भय नाही. तार अखंड असेल तर तो बंद पडेलही. परंतु वादळात तार तुटते म्हणून तर आपण जनरेटर लावतो! तुटलेल्या तुकड्यावर भार तो कितीसा? शिवाय गावातील ट्रान्सफॉर्मर अकरा हजार व्होल्टचे आपल्या घरगुती दाबात रूपांतर करतो. त्यास उलट बाजूने वीज दिली तर तो आपल्या घरगुती विजेचेही हजारो व्होल्ट करून वरच्या तारेत पाठवतो. यंत्रास दिशा कळत नाही. आणखी असे की, दोन्ही टोकांस पिना असलेल्या वायरचे एक टोक निसटले की त्या उघड्या पिनांत वीज असते व मुलाचा हात तेथवर सहज पोहोचतो.

त्याच आठवड्यात दांडेलीहून परवानाधारक वायरमन बोलावला व पुढील व्यवस्था करविली.

घराच्या पूर्वेच्या भिंतीस, वळचणीखाली, छातीइतक्या उंचीवर झाकणाची एक पेटी बसविली. तिच्यात पिना आहेत, भोके नाहीत; जनरेटरकडून येणाऱ्या वायरच्या टोकास भोके आहेत. वायरमनने सांगितलेले सूत्र आम्ही नातवंडांकडून पाठ करून घेतले आहे: वीज जिकडून येते तिकडे भोके, वीज जिकडे जाते तिकडे पिना. मग वायर कधीही उपटली तरी उघड्या पिनांत वीज राहत नाही. पेटीपासून आत जाणारी नळी बाहेरच्या बाजूस किंचित उतरती ठेवली, म्हणजे पागोळ्यांचे पाणी आत शिरत नाही. आतून फेज, न्यूट्रल व अर्थिंग अशा तीन तांब्याच्या, चार चौरस मिलिमीटरच्या वायरी नेल्या.

त्या वायरी जेथे जातात तो चेंजओव्हर स्विच हाच या व्यवस्थेचा प्राण होय. त्यास एकच दांडी व तीन जागा: वर लाईन, मध्ये बंद, खाली जनरेटर. दांडी एका वेळी एकाच जागी असू शकते. म्हणून बाहेरची तार व जनरेटर यांची गाठ पडणे शक्यच नाही. तो फेज आणि न्यूट्रल हे दोन्ही तोडणारा, दोन पोलांचा असावा. आता विसरणे आमच्या हाती राहिले नाही, हेच त्याचे मोल. जनरेटरच्या बाजूस दहा अँपिअरचा एमसीबी बसविला. लहान जनरेटरांपैकी पुष्कळांत न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसतो. अशा वेळी धक्क्यापासून वाचविणारा आरसीसीबी काम करीलच असे नाही. तेही त्याने तपासून दुरुस्त केले व अर्थिंगचा खड्डा नव्याने भरला. सामान व मजुरी मिळून सात हजारांच्या आत खर्च आला. ही कामे हौशी माणसाची नव्हेत. मीटरजवळील तारांस घरच्याने हात लावू नये.

भाराचा हिशेबही मांडला. यंत्राचे ३५०, दोन पंख्यांचे १५०, पाच दिव्यांचे ४५ आणि फ्रिजचे १५० मिळून ६९५ वॅट. दोन केव्हीएचा जनरेटर सुमारे १६०० वॅट देतो; फ्रिज सुरू होताना क्षणभर कितीतरी अधिक वीज ओढतो, म्हणून ही मोकळीक हवीच. विहिरीचा पंप मात्र त्यावर लावावयाचा नाही. त्याचा आरंभीचा झटका या जनरेटरला पेलत नाही.

जनरेटर ओटीवरून हलविला, ही सर्वांत मोठी सुधारणा होय. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास रंग नाही, वास नाही आणि निजलेल्या माणसास तो उठू देत नाही. २००५ साली अमेरिकेत कॅटरिना वादळानंतर घरात वा घराजवळ चालविलेल्या जनरेटरांच्या धुराने कित्येकांस विषबाधा झाली व काही दगावले. आणि आम्ही मातोश्रींच्या खिडकीखालीच तो लावून त्यांस प्राणवायू देत होतो! आता तो घरापासून वीस फुटांवर, चारही बाजूंनी मोकळ्या छपराखाली असतो. पेट्रोल तो थंड झाल्यावरच घालावयाचे. सुरू करताना आधी वायर जोडावयाची, मग दोरी ओढावयाची, आवाज स्थिर झाला की दांडी खाली करावयाची. बंद करताना आधी दांडी मध्ये, मग जनरेटर.

काम झाल्यावर आम्ही लाईनमनला मुद्दाम बोलावले. त्याने चहापूर्वी स्वतः दांडी दोनदा वर-खाली करून पाहिली. आम्ही क्षमा मागू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, अशा वायरी अजून चार घरी आहेत. त्यांना तुम्ही सांगा. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील." त्या चारही घरी आम्ही गेलो. तिघांनी ऐकले. चौथ्या घरी आम्ही अजून जात आहोत.

मातोश्री २०२१ च्या उन्हाळ्यात, दिवे लागलेले असताना, शांतपणे गेल्या. यंत्र आम्ही एका गरजू घरी दिले. पेटी, दांडी व जनरेटर जागच्या जागी आहेत. परवाच्या पावसात पुन्हा तार तुटली. आम्ही छपराखाली जाऊन दोरी ओढली, दांडी खाली केली. आता उंच झालेला तो नातू न सांगता अंगणाच्या कडेपर्यंत गेला, पलीकडे पाहून आला आणि म्हणाला, "आजोबा, त्यांच्या ओटीवर काळोख आहे."

"मग ठीक आहे," आम्ही म्हणालो आणि जेवावयास बसलो.