पोथ्या बुडाल्या, शेमा राहिली



आपली गोष्ट नवगावच्या किनाऱ्यापासून सुरू होते. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे कोकणात आपल्या पूर्वजांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनवार तेली' म्हणवून घेतलं. दाऊद राहबी आला तेव्हा शब्बाथ, सुंता आणि शेमा हे शिल्लक होतं, असं परंपरा सांगते. लहानपणी ही गोष्ट ऐकताना जे बुडालं त्याचंच वाईट वाटायचं.

साठीनंतर आमचंही गलबत फुटलं. काचबिंदूने यांची दृष्टी गेली. दोन वर्षांनी आमच्यातल्या नर्सला पक्षाघात झाला. मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा घेतल्यापासून ज्या उजव्या हाताने लोकांच्या शिरा शोधल्या, त्याला ब्लाउजचं बटण लागेना. लोदच्या घरात आम्ही दोघं नुसते बसून असायचो. सिनेगॉगलाही जात नव्हतो. लोकांनी कीव केलेली नको वाटायची.

एका रात्री शेमा म्हणताना यांनी नेहमीसारखा हात डोळ्यांवर ठेवला. आमच्या तोंडून निघून गेलं, "दिसत तर नाही, मग झाकता कशाला?" हे शांतपणे म्हणाले, "झाकायचे एवढंच शिकवलंय. दिसायला हवेत असं कुठे शिकवलंय?"

त्याच आठवड्यात जुन्या सहकारी नर्सचा फोन आला. वृद्धाश्रमात अलिबागकडच्या एक आजी तीन दिवस जेवत नव्हत्या. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा बरेचदा आधी जाते. आजींची हिब्रू गेली होती आणि त्या काय बोलतात ते तिथे कुणालाच कळत नव्हतं. आम्ही गेलो. आजी म्हणत होत्या, "दाढ ठणकते गो बाय." बस, एवढंच होतं. डॉक्टरांना सांगितलं, दाताचा इलाज झाला. हे उशाशी बसून एलियाहू हन्नाबीचं कीर्तन म्हणू लागले, तर नातवंडांची नावं विसरलेल्या आजींनी पुढची ओळ उचलली.

तेव्हापासून दर मंगळवारी आम्ही बसने जातो. यांचा हात आमच्या डाव्या खांद्यावर असतो, म्हणजे दोघांचाही तोल सांभाळला जातो. डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या हिब्रू अक्षरांत आम्ही मराठी शब्द लिहून पलंगांवर लावले आहेत: दुखतंय, पाणी, लघवी, थंडी, भीती वाटते. समोर त्यांचा हिब्रू अर्थ. तिथल्या मुली आता ते शब्द बोलून बघतात, उच्चार चुकतात, आजी हसतात.

सगळं छान झालं असं मात्र नाही. हात अजून लुळाच आहे आणि रात्री कधी कधी रडू येतं. पण मागच्या शब्बाथनंतर घरी मलिदा केला. नारळ यांनी खवला, त्याला डोळे लागत नाहीत. पोहे आम्ही निवडले, त्याला एक हात पुरतो. वेळ दुप्पट लागला, पण ताट भरलं.

आपल्या पूर्वजांनी उरलेल्या शेमावर इतकी शतकं काढली. आम्हाला तर मंगळवार ते मंगळवार काढायचा आहे.

तुमच्या गावच्या वृद्धाश्रमात आपलं मराठी माणूस असेल, तर एकदा जाऊन ऐका. कदाचित दाढच दुखत असेल.