"तुझ्यावर कारवाई का झाली होती?"

नीटचा निकाल लागला की माझ्या फोनला उसंत नसते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत काम करत असल्यामुळे पोरांच्या कागदपत्रांच्या अडचणी मला आता तोंडपाठ झाल्यात. कुणाची जातवैधता अडकलेली असते, कुणाच्या टीसीवर आडनाव चुकलेलं असतं. पण अलीकडे एक वेगळाच प्रश्न येतो, आणि तो विचारताना पोरांचा आवाज बारीक होतो. "ताई, माझ्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली होती. मुलाखतीत विचारलं तर काय सांगू?"

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. एमबीबीएसच्या प्रवेशाला आपल्याकडे मुलाखत नाही. नीटचे गुण, प्रवर्ग, पसंतीक्रम, संपलं. विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण महाविद्यालय असो की लातूरची विलासराव देशमुख संस्था, कुणीही तुम्हाला समोर बसवून "वडील काय करतात" असं विचारून प्रवेश ठरवत नाही. नीटवर आपली टीका आहेच. लाखांच्या ट्यूशन आहेत, २०२४ च्या पेपरफुटीचे धागे तर थेट लातूरपर्यंत आले. तरीही मुलाखत नसणं हे आपल्या लेकरांसाठी संरक्षण आहे आणि ते फुकट मिळालेलं नाही.

एके काळी मेडिकलच्या प्रवेशाला मुलाखत होती. म्हैसूर राज्यात मुलाखतीचे गुण धरून निवड व्हायची आणि १९६४ मध्ये चित्रलेखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत मान्यही केली. तामिळनाडूत मेडिकलसाठी २७५ पैकी ७५ गुण मुलाखतीला होते. पेरियाकरुप्पन खटल्यात न्यायालयाला ते जास्त वाटले. पुढे १९८० मध्ये अजय हासिया खटल्याचा निकाल आला. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण, आणि मुलाखत चालायची दोन-तीन मिनिटं. न्यायालयाने सांगितलं की मुलाखतीला १५ टक्क्यांपेक्षा जास्त गुण देणं मनमानी ठरेल. दोन-तीन मिनिटांत माणसाचं काय कळतं? कपडे कळतात, बोली कळते, आणि आडनाव तर आधीच कागदावर असतं.

हे जुनं झालं असं कुणाला वाटत असेल तर त्याने एम्समधल्या भेदभावावरचा सुखदेव थोरात समितीचा २००७ चा अहवाल वाचावा. तोंडी परीक्षेत आपली पार्श्वभूमी काढली जाते, हे तिथल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी समितीला सांगितलं होतं. लेखी पेपर तपासणाऱ्याला तोंड दिसत नाही, तोंडी परीक्षेत दिसतं.

मग आज हा प्रश्न येतो कुठून? पुण्याच्या एएफएमसीत नीटनंतर मुलाखत असते. टिसमध्ये सामाजिक कार्य किंवा हॉस्पिटल प्रशासनाला जायचं तर मुलाखत आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत पडताळणीचा जो नमुना भरून घेतात, त्यात "कोणत्याही शिक्षणसंस्थेने निष्कासित केलं होतं का" असा रकाना असतो. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या सामायिक अर्जात तर कॉलेजने केलेली कोणतीही कारवाई विचारतात, ती नंतर रेकॉर्डवरून पुसली असली तरी सांगावी लागते. आणि आपल्याकडे सगळ्यात आधी येतो शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा तो "वर्तणूक" नावाचा रकाना. कारकून एका शब्दात माणूस लिहून टाकतो.

कंधार तालुक्यातल्या एका पोराचं सांगते. बाप ऊसतोडीला जाणारा. पोरगं अकरावी-बारावीला लातुरात वसतिगृहात राहिलं. पाण्याची टाकी महिनोन् महिने धुतलेली नव्हती, चार पोरांना कावीळ झाली. याने तक्रार लिहिली, एकतीस जणांच्या सह्या घेतल्या आणि अर्ज वरच्या कार्यालयात दिला. आठवड्याभरात "उद्धट वर्तन व चिथावणी" म्हणून पंधरा दिवसांचं निलंबन. ना नोटीस, ना म्हणणं ऐकून घेतलं. परत घ्यायच्या वेळी माफीनामा लिहून मागितला. याने लिहिला नाही. ट्यूशन एरियात पत्र्याच्या खोलीत राहून बारावी काढली. दाखल्यावर इतरांच्या वर्तणुकीपुढे "चांगली", याच्या पुढे "समाधानकारक".

नीटला चांगले गुण पडले, एएफएमसीचं बोलावणं आलं आणि तो माझ्याकडे आला. मी विचारलं, "वसतिगृह का सोडलंस?"

"काही नाही ताई, थोडा गैरसमज झाला होता."

हे उत्तर ऐकून मला चीड आली, त्याची नाही, त्याला ते शिकवणाऱ्या व्यवस्थेची. एकतीस सह्या गोळा करणारं पोरगं समोर खुर्ची दिसताच स्वतःच्याच कामाला गैरसमज म्हणतं! घरच्यांनी बजावलेलं, "मोठ्या माणसांसमोर जास्त बोलू नको." एका मित्राने सांगितलेलं, "सरळ लपव, कोण बघतंय." दुसऱ्या एका कार्यकर्त्याने सांगितलेलं, "छाती ठोकून सांग, मनुवाद्यांशी लढलो." तिन्ही सल्ले मला पटत नाहीत.

लपवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा अवतार सिंग खटला, २०१६, लक्षात ठेवा. नोकरीच्या पडताळणीत माहिती खरीच द्यावी लागते, दडवली तर नेमणूक जाऊ शकते, असं तिथं सांगितलंय. म्हणजे मूळ गोष्ट किरकोळ असली तरी लपवणं हाच नवा गुन्हा होऊन बसतो. आपल्या पोरांच्या बाबतीत तर तो हमखास मोठा करून दाखवतात. पण जे विचारलंय तेवढंच सांगा. निष्कासन वेगळं, निलंबन वेगळं, ताकीद वेगळी. रकान्यात "निष्कासित केलं का" विचारलं असेल तर पंधरा दिवसांच्या वसतिगृह-निलंबनाला "होय" लिहायचं कारण नाही. "कोणतीही कारवाई" विचारली असेल तर लिहावंच लागेल.

आणि भाषण? समोर बसलेल्यांना आपली चळवळ समजावून सांगायला ती दहा मिनिटं नसतात. आम्ही दोघांनी मिळून उत्तर बसवलं: "पिण्याच्या पाण्याबद्दल मी लेखी तक्रार केली होती. त्यानंतर मला वसतिगृहातून पंधरा दिवस निलंबित केलं. माझं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं. तक्रारीची पोच माझ्याकडे आहे." चार वाक्यं. त्यात रडणं नाही, माफी नाही, कुणाला शिवी नाही. मुलाखतीत त्याला खरंच विचारलं, बारावीच्या वर्षात वसतिगृह का सोडलं म्हणून. त्याने सांगितलं. एकाने फक्त विचारलं, "कावीळ पाण्यातून कशी पसरते?" तिथे अंतिम यादीत नाव लागलं नाही, राज्याच्या फेरीत सरकारी कॉलेज मिळालं.

इथे एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. कारवाई रॅगिंगची असेल, कॉपीची असेल, मुलीला त्रास दिल्याची असेल, तर तिच्यावर निळा झेंडा पांघरू नका. तिथे उत्तर एकच: मी हे केलं, शिक्षा भोगली, त्यानंतर असं वागलो. बाबासाहेबांचं नाव त्यात ओढायचं नाही.

पण व्यवस्था सगळ्यांना सारखी मोजते का? डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये नायर रुग्णालयात गेली. ज्या तीन डॉक्टरांवर तिच्या छळाचा खटला आहे, त्यांना ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करायची परवानगी दिली. दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व मला मान्य आहे. मग ते आमच्या पोरांनाही लावा. टिसचा दलित संशोधक रामदास के. एस. याला एप्रिल २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित केलं. कारणांमध्ये दिल्लीतल्या विद्यार्थ्यांच्या मोर्चातला सहभाग होता. उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निलंबन भोगलेल्या काळापुरतं कमी केलं, म्हणजे एक वर्ष गेलं ते गेलंच. आणि रोहित वेमुलाला वसतिगृहाबाहेर काढलं तेव्हाही कागदावर शब्द "शिस्त" हाच होता.

म्हणून माझा भर मुलाखतीच्या तयारीपेक्षा त्याआधीच्या दिवसांवर आहे. तक्रार दिली की पोच घ्या, शिक्क्यासह. कारवाई झाली की लेखी आदेश मागा. सरकारी किंवा अनुदानित संस्था देत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये लागतात. माफीनामा पुढे केला तर दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराखाली सही करू नका. स्वतःच्या अक्षरात स्वतःचं म्हणणं लिहा, खाली तारीख टाका आणि फोटो काढून ठेवा. त्या माफीनाम्यावर बहुतेक वेळा तारीखच नसते, आणि पाच वर्षांनी तोच कागद कबुलीजबाब म्हणून बाहेर येतो.

ज्यांच्याकडे असा आदेश किंवा दाखला आहे, त्यांनी मूळ कागद घेऊन भेटावं. फोनवर वाचून दाखवलेल्या आदेशावरून मी काही सांगू शकत नाही, कारण निम्म्या वेळा पोरं "निलंबन" वाचतात आणि कागदावर "ताकीद" असते.