सर्व्हरपुढचे धरणे

विद्यापीठांचे लष्कराशी आणि कंपन्यांशी असलेले लागेबांधे दाखवणारी सॉफ्टवेअर-कला, म्हणजे प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम हीच कलाकृती मानणारी कला, गुपिते फोडते असा समज आहे. वस्तुतः तिच्या हाती गुपित क्वचितच असते. कॅलिफोर्निया विद्यापीठ लॉस अलामोसची अण्वस्त्र प्रयोगशाळा १९४३ पासून आणि लिव्हरमोरची १९५२ पासून सांभाळत आले, २००६ मध्ये लॉस अलामोसच्या कारभारात बेक्टेल ही बांधकाम कंपनी भागीदार झाली आणि पुढच्याच वर्षी बीपी या तेल कंपनीने त्याच विद्यापीठाच्या बर्कले शाखेतील व तिच्या सहकारी संस्थांमधील जैवइंधन संशोधनासाठी ५० कोटी डॉलर देऊ केले, हे सारे जाहीर आहे. मात्र या नोंदी वेगवेगळ्या दप्तरांत विखुरलेल्या असतात आणि त्या शेजारी-शेजारी ठेवून वाचण्याचे कोणी मनावर घेत नाही.

त्या जोडून दाखवण्याची एक रीत जॉश ऑन यांनी २००१ मध्ये ‘दे रूल’ या कलाकृतीत घालून दिली. तिच्यात अमेरिकेतील बड्या कंपन्यांची संचालक मंडळे टेबलांच्या रूपात दिसतात, दोन टेबलांवर बसणाऱ्या माणसामुळे त्या दोन कंपन्या रेषेने जोडल्या जातात आणि जो जितक्या अधिक मंडळांवर असेल तितकी त्याची आकृती जाड होत जाते. ही जाडी एवढीच कलावंताची अतिशयोक्ती. बाकी सारे नोंदीतले आहे, आणि हा संयमच या कामाचे खरे बळ आहे. तरीही बैठकीत काय ठरले हे रेषा सांगत नाही, आणि संचालक बदलले की नकाशा शिळा होतो.

दुसरी रीत संस्थेच्या यंत्राकडूनच कबुली घेण्याची आहे. १९९८ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक डिस्टर्बन्स थिएटर’ या गटाने मेक्सिकोतील झापाटिस्टा या बंडखोर चळवळीच्या समर्थनार्थ ‘फ्लडनेट’ रचले. ते उघडून बसलेल्या प्रत्येकाच्या ब्राउझरमधून सरकारी सर्व्हरकडे दर काही सेकंदांनी मागणी जाई, आणि ती अनेकदा अस्तित्वातच नसलेल्या पानाची असे. ‘मानवी हक्क’ या नावाचे पान मागितले की सर्व्हर नियमाप्रमाणे ते येथे सापडत नसल्याचे कळवी आणि फसलेली मागणी आपल्या त्रुटींच्या नोंदवहीत टिपून ठेवी. मेक्सिकोतील आक्तेआल या गावी १९९७ च्या डिसेंबरात मारल्या गेलेल्या ४५ जणांची नावेही अशीच त्या नोंदवहीत उतरवली गेली. दप्तर सरकारचे, लेखनिक सरकारचा आणि मजकूर तेवढा आंदोलकांचा, अशी ही रचना आहे. एखादे संकेतस्थळ निव्वळ बंद पाडण्यात हे कसब नाही.

या गटाचे एक संस्थापक रिकार्डो डोमिंगेझ पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच सॅन डिएगो शाखेत प्राध्यापक झाले. शुल्कात ३२ टक्के वाढ मंजूर झाल्यानंतर, ४ मार्च २०१० रोजी, विद्यापीठाच्या अध्यक्ष कार्यालयाच्या संकेतस्थळापुढे त्याच धाटणीचे धरणे धरले गेले, तेव्हा ज्या प्रकारच्या कामाच्या बळावर त्यांना कायमची नेमणूक मिळाली होती त्याच कामाची चौकशी विद्यापीठाने सुरू केली. ती पुढे मागे घेतली गेली. तोफेचे तोंड मेक्सिकोकडे असते तोवर ती कला आणि घराकडे वळली की गैरवर्तन, हा न्याय विद्यापीठापुरताच मर्यादित नाही, हे येथे जाता जाता नोंदवायला हरकत नसावी.

कलावंताच्या अंगाने पाहता याहून अवघड प्रश्न साधनांचा आहे. हे धरणे ज्या जाळ्यावर धरले गेले त्याचा पूर्वज अर्पानेट अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर उभा राहिला, आणि १९६९ मध्ये त्याचे पहिले केंद्र कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच लॉस एंजेलिस शाखेत होते. त्यामुळे येथे सोवळेपणाचा आव आणता येत नाही. निवड उरते ती साधन कसे वापरायचे याची. हजारो यंत्रे परस्पर ताब्यात घेऊन सर्व्हर लोळवणे तांत्रिकदृष्ट्या अधिक परिणामकारक ठरले असते, परंतु फ्लडनेटमध्ये प्रत्येक मागणीमागे स्वेच्छेने ब्राउझर उघडून बसलेला माणूस असावा लागे, आणि माणसे कमी आली तर सर्व्हरला काहीही होत नसे.