तारा निघाल्या, आता क्लिप सांभाळा

दातांना तारा लावणे म्हणजे श्रीमंतांचे थेर, असे आपल्या वस्तीत अजूनही म्हटले जाते. आमच्या मुलीचे दात एकावर एक चढलेले. घास नीट चावता येईना, हिरड्या सुजायच्या. म्हणून आम्ही सरकारी दंत रुग्णालयाची वाट धरली. दोन वर्षे दर महिन्याला कामाचा एक खाडा पडला, पण दात ओळीत आले.

तारा निघाल्या त्याच दिवशी डॉक्टरांनी टाळूला बसणारी एक क्लिप दिली. तिला रिटेनर म्हणतात. दात सरकले तरी त्यांना धरणारे हिरडीतले तंतू ताणलेलेच असतात, भोवतालचे हाडही पक्के व्हायला वेळ लागतो. तोवर आधार नसेल तर दात मागे फिरतात. म्हणून सहा महिने रात्रंदिवस क्लिप घालायची, फक्त जेवताना व दात घासताना काढायची, मग पुढे रोज रात्री, असे आम्हाला सांगण्यात आले.

पहिले चार दिवस कठीण गेले. तोंडात लाळ भरून यायची, दात आवळल्यासारखे व्हायचे. ‘स’चा ‘श’ होऊ लागला. हजेरीला ‘हजर शर’ निघाले आणि वर्ग हसला. मुलगी शाळेत बोलेनाशी झाली. आजी म्हणाली, “काढून ठेव गं बाई, कशाला जीव जाळतेस?” आजीची माया खरी, पण क्लिप काढली की दोन वर्षांचे खाडे पाण्यात!

मग आम्ही घरातच उपाय केला. रोज रात्री मुलीने क्लिप घालून आजीला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे. आजीला अक्षरओळख नाही, तिला बातम्या मिळाल्या. आठवडाभरात मुलीची जीभ वळली. तेवढे दिवस वरणभात, दुधात कुस्करलेली भाकरी दिली. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या केल्या.

दुखणे दोन तऱ्हेचे असते, हे पालकांनी ओळखावे. सगळ्या दातांवर सारखा ताण येतो आणि दिवसागणिक कमी होतो, ते सवयीचे दुखणे. एकाच जागी टोचते, तिथे लाल होते किंवा फोड येतो, ते क्लिपचे दुखणे. आमच्याकडे तारेचे टोक गालाला लागत होते. शेजारचे काका पकड घेऊन आले. आम्ही त्यांना चहा पाजला, पण पकडीला हात लावू दिला नाही. रुग्णालयात ते टोक पाच मिनिटांत वळवून मिळाले. क्लिप मुळीच बसत नसेल तर जोर करू नये, डॉक्टरांना दाखवावी.

क्लिप गार पाण्यात मऊ ब्रशने धुवावी. गरम पाण्याने ती वाकडी होते. जेवताना कागदात गुंडाळू नये, उष्ट्याबरोबर कचऱ्यात जाते. तिची डबी दप्तरात असावी.

आणि मूल बोबडे बोलले तर घरच्यांनी हसू नये. बाहेर हसणारे पुष्कळ असतात. घरात त्याचे बोलणे पुरते ऐकून घेतले, तर मूल क्लिपही घालते आणि वर्गात हातही वर करते.